दिवसाआड टपाल: रॉयल मेलच्या प्रयोगावर पोस्टमन का वैतागले?

ब्रिटनच्या रॉयल मेलने फेब्रुवारी 2025 पासून आपल्या सुमारे 1,200 बटवडा कार्यालयांपैकी तीसहून अधिक कार्यालयांत एक प्रयोग सुरू केला. फर्स्ट क्लासची, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोहोचवायची पत्रं पूर्वीसारखीच सोमवार ते शनिवार रोज वाटायची. सेकंड क्लासची, म्हणजे तीन दिवसांत पोहोचवायची पत्रं आणि बँका, वीज कंपन्या, सरकारी खाती यांचं घाऊक टपाल मात्र दिवसाआड, तेही फक्त सोमवार ते शुक्रवार. पार्सलं आहेत तशीच रोज. योजना कागदावर एका परिच्छेदात मावते. ज्यांना ती राबवायची होती त्यांच्या तक्रारी मात्र थांबेनात: बीट (एका पोस्टमनच्या वाट्याचा बटवड्याचा रस्ता) वेळेत संपत नाही, टपाल कार्यालयात पडून राहतं, थैली जड झाली, ओळखीची गल्ली हातची गेली.

अशा तक्रारींवर एक ठरलेलं उत्तर असतं, की कामगारांना बदल नको असतो. या प्रकरणात ते उत्तर पुरत नाही. पत्रं कमी झाली आहेत हे पोस्टमनइतकं कुणालाच ठाऊक नाही. रोज रिकाम्या पत्रपेट्यांवरून तेच जातात. त्यांचा आक्षेप हिशेबावर आहे. हा हिशेब एका बीटच्या पातळीवर मांडून पाहिला तर वैताग कुठून येतो ते नेमकं दिसतं.

पार्श्वभूमी, थोडक्यात

2011 च्या पोस्टल सर्व्हिसेस अॅक्टनुसार रॉयल मेलवर सार्वत्रिक सेवेचं बंधन आहे: देशातल्या प्रत्येक पत्त्यावर, एकाच दराने, पत्रं (जुलै 2025 पर्यंत सेकंड क्लासचीही) आठवड्याचे सहा दिवस आणि पार्सलं पाच दिवस. 2013 मध्ये कंपनीचं खासगीकरण झालं, बंधन कायम राहिलं. 2004-05 च्या सुमारास वर्षाला 2,000 कोटी पत्रं जात होती. 2023-24 मध्ये ती 670 कोटींच्या आसपास आली. एका घराला आठवड्याला सरासरी चार पत्रं येतात, एकेकाळी चौदा येत. दारं मात्र दरवर्षी वाढतातच, कारण नवी घरं बांधली जातात. म्हणजे चालायचं तेवढंच किंवा जास्त, आणि वाटायला कमी.

एप्रिल 2024 मध्ये कंपनीने नियामक ऑफकॉमपुढे दिवसाआडचा प्रस्ताव ठेवला. वर्षाला 30 कोटी पाउंडांपर्यंत बचत आणि रोजच्या बीटांमध्ये 7,000 ते 9,000 ची घट, असा त्यात अंदाज होता. जुलै 2025 मध्ये ऑफकॉमने मान्यता दिली आणि 28 जुलैपासून नवी पद्धत वापरायची मुभा मिळाली. त्याच निर्णयात उद्दिष्टंही सैल झाली: फर्स्ट क्लासचं दुसऱ्या दिवशी पोहोचण्याचं प्रमाण 93 वरून 90 टक्के, सेकंड क्लासचं तीन दिवसांत पोहोचण्याचं प्रमाण 98.5 वरून 95 टक्के. सोबत एक नवी अट आली. फर्स्ट क्लासची 99 टक्के पत्रं तीन दिवसांत आणि सेकंड क्लासची 99 टक्के पाच दिवसांत पोहोचलीच पाहिजेत. रखडलेल्या शेवटच्या पत्रांसाठीची ही शेपटाची अट वाचताना किरकोळ वाटते. पुढे दिसेल की दिवसाआडच्या पद्धतीत खरी गोची तिथेच आहे.

कार्यालयातली सकाळ

पत्रं मेल सेंटरच्या, म्हणजे टपाल वर्गवारीच्या मोठ्या केंद्राच्या यंत्रांवरून बीटनिहाय, शक्य तिथे दारांच्या क्रमाने लावून, ट्रेमधून बटवडा कार्यालयात येतात. मोठी पाकिटं (353 गुणिले 250 मिलिमीटरपर्यंत, 25 मिलिमीटर जाडीपर्यंत) आणि पार्सलं तिथे हाताने बीटवार वेगळी करावी लागतात. प्रत्येक बीटला खणांची एक चौकट असते. दर दारामागे एक खण किंवा खणाचा भाग, आणि खणांचा क्रम म्हणजे चालण्याचा क्रम. पोस्टमन चौकटीसमोर उभा राहून खण भरतो, मग क्रमाने उपसून रबर बँडच्या गड्ड्या बांधतो, गड्ड्या थैल्यांत भरतो. पार्सलं गाडीत उलट्या क्रमाने लागतात, म्हणजे पहिलं उतरवायचं ते सर्वांत शेवटी चढतं. हातातल्या स्कॅनरवर ट्रॅक्ड टपालाची, म्हणजे ज्याचा माग ठेवला जातो त्याची नोंद होते. बऱ्याच बीटांवर एका गाडीत दोघं जातात, गाडी एका जागी लावून दोघं दोन बाजूंचे वळसे घालतात आणि पुन्हा गाडीशी येतात.

नव्या पद्धतीत यात काय बदलतं? बीटांची जोडी लावली जाते. आज एका बीटचा जड दिवस, म्हणजे सगळं टपाल वाटायचं. दुसऱ्या बीटचा हलका दिवस, म्हणजे फक्त फर्स्ट क्लास, ट्रॅक्ड आणि पार्सलं. उद्या उलट. एका बीटला या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार जड आले तर पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार येतात. बचत होते ती अशी: हलक्या दिवशी कामाला कमी माणसं लागतात, म्हणून हलकी बीटं जोडून एकाला द्यायची.

इथे खणांच्या चौकटीवर तीन गोष्टी घडतात. जोडलेल्या बीटांचा क्रम बदलतो, म्हणून खणांवरच्या पट्ट्या नव्याने लावाव्या लागतात. यंत्राचा क्रम त्याच दिवशी बदलला नाही, तर यंत्राने लावून दिलेली गड्डी नव्या रस्त्याशी जुळत नाही आणि ती पूर्ण उलगडून पुन्हा हाताने लावावी लागते. तिसरी गोष्ट, हलक्या दिवशीचं सेकंड क्लास टपाल कुठेतरी थांबवून ठेवायला हवं. मेल सेंटरमध्येच ते वेगळं झालं तर निदान वेगळा ट्रे मिळतो. फर्स्ट आणि सेकंड एकत्र आलं तर पोस्टमनला आधी फर्स्ट क्लास निवडून काढावं लागतं, उरलेलं जपून ठेवावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात नवं मिसळावं लागतं. एकच पत्र दोनदा हाताळलं गेलं की बाहेर वाचलेला वेळ आत खर्च होतो. नियोजनाच्या तक्त्यात बाहेरचा वेळ बारकाईने मोजलेला असतो आणि आतला ठोक धरलेला असतो, ही या क्षेत्रातली जुनी खोड.

एका बीटचा हिशेब

खालचे आकडे एका कल्पित बीटचे आहेत, समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केलेले.

धरा, बीटवर 600 दारं आहेत. आठवड्याला दारामागे चार, म्हणजे 2,400 पत्रं; सहा दिवसांत विभागली तर रोज 400. त्यातली 100 फर्स्ट क्लास, 300 सेकंड क्लास आणि घाऊक. रोज 60 पार्सलं. टपाल दारांवर सारखं विखुरलेलं असेल, तर जुन्या पद्धतीत रोज सुमारे 320 दारांशी जावं लागतं. बाकी दारांचं त्या दिवशी काहीच नसतं.

नव्या पद्धतीत सेकंड क्लासची आठवड्याची 1,800 पत्रं आठवड्याच्या सरासरी अडीच जड दिवसांत वाटायची, म्हणजे जड दिवशी सरासरी 720. त्यात 100 फर्स्ट क्लास आणि 60 पार्सलं मिळवली की सुमारे 460 दारं होतात. हलक्या दिवशी 160 नग, सुमारे 140 दारं.

आता जोडीतली दोन्ही बीटं एकत्र पाहा. पूर्वी दोघांची मिळून रोज 640 दारं होत होती. आता सोमवार ते शुक्रवार एक जड आणि एक हलकं मिळून 600 होतात. फरक जेमतेम 6 टक्के. शनिवारी दोन्ही बीटं हलकी असतात, म्हणून 640 ची 280 होतात. आठवड्याचा हिशेब केला तर एकूण दारं सुमारे 15 टक्क्यांनी घटतात, पण त्या घटीचा जवळपास दोन तृतीयांश भाग एकट्या शनिवारचा असतो.

हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. शनिवारी माणसं कमी केली तर काम भागतं. सोमवार ते शुक्रवार त्याच प्रमाणात माणसं कमी केली तर भागत नाही. आणि पत्रांची संख्या तर एकानेही घटलेली नाही. 2,400 तेव्हाही लावायची होती, आताही लावायचीच आहेत. दिवसाआड पाणी सोडलं म्हणून घरातला पाण्याचा वापर निम्मा होत नाही, भरायचे हंडे तेवढे दुप्पट होतात, त्यातला हा प्रकार.

चालण्याचं अंतर तर आणखी कमी घटतं. हलक्या दिवशी 600 दारांत 160 नग विखुरलेले असतील, तर वीस दारांची गल्ली पूर्णपणे रिकामी निघण्याची शक्यता दोनशेत एक. दहा दारांची छोटी गल्लीसुद्धा शंभरात सातच वेळा टाळता येते. म्हणजे फाटकापासून दारापर्यंतच्या फेऱ्या वाचतात, रस्ता वाचत नाही. रस्ता वाचवायचा तर हलकं बीट गाडीने करायला हवं, दारोदार थांबत. त्यासाठी गाडी हवी, तीही एकट्याची. दोघांत एक गाडी असलेल्या कार्यालयात हलक्या बीटवाल्याला गाडी दिली की जड बीटवाला ढकलगाडीवर येतो, आणि भार नेमका त्याच्याकडेच वाढलेला असतो.

खऱ्या बीटवर टपाल इतकं सारखं विखुरलेलं नसतं. दुकानं, दवाखाने, वकिलांची कार्यालयं असलेल्या बीटवर काही दारांना रोज गठ्ठा जातो आणि काहींना महिनाभर काही नाही. तिथे आकडे बदलतील. कल तोच राहतो.

त्यात पत्ता नसलेली जाहिरातपत्रकं आली की हिशेब आणखी बिघडतो. ती प्रत्येक दारी टाकायची असतात. ज्या दिवशी ती घ्यायची त्या दिवशी 460 नव्हे, 600 च्या 600 दारं करावी लागतात. जड दिवशी घेतली तर थैली फुगते, हलक्या दिवशी घेतली तर हलका दिवस हलका राहत नाही. पत्रकांचं काय करायचं हे प्रयोगाच्या आधी लेखी ठरलेलं नसेल, तर वाचलेला वेळ तीच खाऊन टाकतात.

सोमवार आणि मंगळवार

सरासरी 720 म्हटलं, पण सरासरी कुणी वाटत नाही. शनिवारी सेकंड क्लास वाटायचं नाही, यंत्रांवर ते येत राहतं. त्यामुळे ज्या आठवड्यात बीटचा जड दिवस सोमवारी येतो, त्या आठवड्यात शुक्रवार, शनिवार आणि सोमवार सकाळ असं तीन दिवसांचं टपाल, म्हणजे 900 पत्रं समोर असतात. बुधवारी आणि शुक्रवारी 600. पुढच्या आठवड्यात मंगळवारी पुन्हा शनिवार, सोमवार, मंगळवारचं 900, गुरुवारी 600. त्यात फर्स्ट क्लास आणि पार्सलं वेगळी. पूर्वी ज्या चौकटीत 400 पत्रं लागत होती, तिथे सोमवारी 1,000 लावायची. लग्नपत्रिकेएवढी पाकिटं असती तर चाललं असतं; पण त्यात मासिकं, कॅटलॉग, बँकांचे जाड लखोटे असतात. खण भरून वाहायला लागले की गड्ड्या दोन फेऱ्यांत उपसाव्या लागतात आणि क्रम चुकायला सुरुवात होते. थैलीला वजनाची मर्यादा आहे, म्हणून थैल्यांची संख्या वाढते. थैल्या वाढल्या की गाडीशी परत येण्याचे वळसे वाढतात. चालण्यातली बचत अशी मागच्या दाराने निघून जाते.

सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी आली तर? त्या आठवड्याचा सोमवारचा जड दिवस बुडतो. तो मंगळवारी सरकवला तर मंगळवारी जोडीतली दोन्ही बीटं जड होतात, आणि माणसं मात्र एक जड व एक हलकं या हिशेबाने नेमलेली असतात. बुधवारपर्यंत थांबवला तर गुरुवारनंतर थेट बुधवारी टपाल. मे महिन्यात इंग्लंडमध्ये असे दोन सोमवार येतात. प्रयोगाचं वेळापत्रक आखताना हे दोन सोमवार कुणाच्या वाट्याला कसे येणार, हे आधीच तक्त्यात मांडता येतं. मांडलं नाही तर मंगळवारी सकाळी कार्यालयातला पाळीप्रमुख ते जागेवर ठरवतो.

एक दिवस बुडाला की

जुन्या पद्धतीतली एक मोठी सोय कुणाच्या लक्षात येत नसे: चूक झाली तर उद्या भरून निघत होती. मंगळवारी माणूस आजारी पडला, बीट सुटलं, तर बुधवारी दुप्पट टपाल घेऊन जायचं. उशीर एका दिवसाचा.

दिवसाआडच्या पद्धतीत जड दिवस सुटला तर दोनच वाटा उरतात. एक तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे हलक्या दिवशी, तेच बीट जड करायचं. पण त्या दिवशी हे बीट दुसऱ्या हलक्या बीटला जोडून एकाच माणसाला दिलेलं असतं, आणि जोडीदार बीटचा स्वतःचा जड दिवस असतो. वेळ कुठून आणणार? नाहीतर पुढच्या जड दिवसापर्यंत थांबायचं. मग 600 ऐवजी 1,200 पत्रं समोर येतात, एका दिवसात ती संपत नाहीत, आणि उरलेली पुन्हा दोन दिवस थांबतात. थकबाकी अशीच साचत जाते.

आता उद्दिष्ट यावर ठेवून पाहा. सोमवारी टाकलेलं सेकंड क्लास पत्र गुरुवारपर्यंत पोहोचायला हवं. ते बुधवारी सकाळी बटवडा कार्यालयात आलं, तर बुधवारी जड असलेलं बीट ते बुधवारी वाटतं आणि गुरुवारी जड असलेलं बीट गुरुवारी. दोन्ही वेळेत. मात्र गुरुवारच्या बीटला एक तासाचीही सैल जागा उरत नाही. मेल सेंटरमध्ये पत्र एक दिवस अडकून गुरुवारी आलं, तर निम्म्या बीटांवर ते उशिरा ठरतं. गुरुवारचा जड दिवस सुटला, तर पुढचा जड दिवस पुढच्या सोमवारीच येतो आणि (कामाचे दिवस, सोमवार ते शुक्रवार, मोजले तर) पाच दिवसांची शेपटाची अट काठावर येऊन ठेपते. तो सोमवारही हुकला की ती तुटलीच. सरासरी 95 टक्के राखता येईलही. 99 टक्क्यांची अट राखायला बीट न सुटणं हीच एक गोष्ट लागते, आणि बीट न सुटायला राखीव माणसं लागतात. बचतीच्या योजनेत सर्वांत आधी कात्री लागते ती राखीव माणसांना.

रॉयल मेलची सुरुवातीची स्थितीही इथे मोजायला हवी. 2024-25 मध्ये फर्स्ट क्लासचं 77 टक्के टपाल वेळेत पोहोचलं, उद्दिष्ट 93 टक्क्यांचं होतं; सेकंड क्लासचं 92.5 टक्के, उद्दिष्ट 98.5. त्यासाठी ऑक्टोबर 2025 मध्ये 2.1 कोटी पाउंड दंड झाला. त्याआधी 2023 मध्ये 56 लाख आणि 2024 मध्ये 1.05 कोटी पाउंडांचा दंड झालेला होता. म्हणजे रोजच्या बटवड्याची घडीच जिथे नीट बसलेली नाही, तिथे उद्याची सोय काढून घेणारी पद्धत बसवायची होती. थकबाकी असलेल्या कार्यालयात प्रयोग सुरू केला तर पहिल्या आठवड्यातल्या अडचणी पद्धतीच्या की थकबाकीच्या, हे कुणालाच सांगता येत नाही. पोस्टमन म्हणतो पद्धत चुकीची, व्यवस्थापक म्हणतो सुरुवातीचे दिवस आहेत, आणि दोघांकडेही पुरावा नसतो.

बीटची ओळख

परकं बीट किती महाग पडतं, हे बाहेरून कळत नाही. कोणत्या फाटकाची कडी आतून निघते, कुठल्या फ्लॅटचं पार्सल शेजारी चालतं, कुठे कुत्रा मोकळा असतो, एकाच नावाचे दोन पत्ते कुठे आहेत, 14 नंतर 14 अ हे मागच्या गल्लीत आहे, हे सारं माणसाच्या डोक्यात असतं, चौकटीवर लिहिलेलं नसतं. मुरलेला पोस्टमन चालता चालता पुढच्या तीन दारांची पत्रं हातात तयार ठेवतो. नवखा प्रत्येक दारापाशी थांबून क्रमांक वाचतो. दारामागे दहा सेकंद जास्त गेले तर 460 दारांना सव्वा तासाहून जास्त वेळ वाढतो. गणित साधं आहे, पण नव्या बीटच्या नियोजनात ते क्वचितच धरलेलं दिसतं.

दिवसाआडच्या पद्धतीत बीटं जोडली जातात, म्हणून एकाच वेळी बऱ्याच जणांना परकी दारं मिळतात. त्यात माणूस बदलत राहिला तर शिकण्याचा काळ संपतच नाही. डिसेंबर 2022 नंतर भरती झालेल्यांच्या सेवाशर्ती जुन्यांपेक्षा कमी दर्जाच्या आहेत, ही कामगार संघटनेची कायमची तक्रार आहे. नवे लोक टिकले नाहीत तर ओळखीचं हे भांडवल गळत राहतं आणि जड दिवसाचा भार मोजक्या जुन्या हातांवर येतो.

गैरहजर माणसाचं बीट फोडून उरलेल्यांत वाटायची रीत टपालात जुनीच आहे. प्रत्येकाने थोडं थोडं उचलायचं. पूर्वी रोज 320 दारं करणारा आणखी चाळीस दारं उचलू शकत होता. सोमवारी जवळपास 500 दारं करणारा कुठून उचलणार? त्यामुळे तुकडे मागे राहतात, आणि बहुतेक वेळा मागे राहतात ती पत्रं. पार्सलाला स्कॅन असतो, उशीर दिसतो, ग्राहक फोन करतो. साध्या पत्राचा उशीर कुणाला दिसत नाही. पार्सलांना झुकतं माप दिलं जातं या आरोपाची मार्च 2023 मध्ये ब्रिटिश संसदेच्या उद्योग समितीनेही दखल घेतली होती, आणि हातातल्या स्कॅनरवरून कर्मचाऱ्यांच्या वेगावर नजर ठेवली जाते का हा प्रश्नही त्याच वेळी गाजला होता. ही कडवट आठवण प्रयोगाच्या वेळी ताजी होती. स्कॅनरच्या नोंदींवरून नवं बीट आखलंय असं सांगितलं की लोक आधी आकडे मागतात, आणि ते योग्यच आहे. कारण स्कॅनर थांबण्याची वेळ नोंदवतो, थांबण्याचं कारण नोंदवत नाही.

संघटनेची अडचण

कम्युनिकेशन वर्कर्स युनियन या पोस्टमनांच्या कामगार संघटनेची अवस्था सोपी नव्हती. 2022-23 मध्ये अठरा दिवसांचे संप झाले, 2023 च्या उन्हाळ्यात करार झाला, त्यात कामाच्या सुरुवातीच्या वेळा पुढे ढकलायला संमती द्यावी लागली. सुरुवात उशिरा म्हणजे शेवटही उशिरा. हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडणाऱ्या देशात शेवटची शंभर दारं क्रमांक न दिसता करायची. पुढे मालकी बदलली, चेक उद्योजक डॅनियल क्रेटिन्स्की यांच्या ईपी ग्रुपने 2025 मध्ये कंपनी ताब्यात घेतली. सार्वत्रिक सेवा टिकवायची तर काही बदल लागणार, हे संघटना नाकारत नव्हती. प्रयोगात सहभागी व्हायचं आणि तो जसा राबवला जातोय त्यावर टीकाही करायची, अशी कसरत तिला करावी लागली. कार्यालयातल्या माणसाला यातला फरक दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की आपल्या संघटनेची सही असलेल्या कागदावरून आपलं बीट वाढलं.

काय मोजायला हवं होतं

या प्रयोगाचं यश सांगताना पुढे येतो तो वेळेत पोहोचलेल्या पत्रांचा टक्का. तो लागतोच. पण प्रयोग बीटवर टिकतो की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी पाच आकडे लिहून ठेवले तरी पुरतात: बीटवार मागे राहिलेली पत्रं आणि त्यातली सर्वांत जुनी किती दिवसांची, आतली लावणी किती वाजता संपली, ठरलेल्या वेळेनंतर किती मिनिटं काम चाललं, किती बीटं फोडून वाटली, आणि किती दारं परक्या माणसाने केली. सोमवार-मंगळवारचे आकडे वेगळे आणि शनिवारचे वेगळे ठेवायचे. आठवड्याची सरासरी काढली की शनिवारची सुटका सोमवारची कोंडी झाकून टाकते, आणि मग कागदावर प्रयोग यशस्वी दिसतो.

कार्यालयांची निवडही तेवढीच महत्त्वाची. सगळी पदं भरलेली, थकबाकी नसलेली, गाड्या पुरेशा असलेली कार्यालयं निवडली तर पद्धत चालते एवढंच सिद्ध होतं. ती उरलेल्या हजारभर ठिकाणी चालेल हे सिद्ध होत नाही. जाणूनबुजून दोन-तीन अशक्त कार्यालयं घ्यावीत आणि तिथे आधी थकबाकी शून्यावर आणून, राखीव माणसं देऊन, मग सुरुवात करावी. यंत्राचा क्रम, खणांच्या पट्ट्या आणि गाड्यांचं वाटप हे तिन्ही एकाच सोमवारी बदलावं. यातलं एक मागे राहिलं तर बदल पुढे ढकलावा. माणसं कमी करायची तर आधी फक्त शनिवारी. मधल्या दिवसांची कपात दोन पूर्ण चक्रांचे, म्हणजे चार आठवड्यांचे आकडे हाती आल्यावरच. आणि डिसेंबरच्या तोंडावर काहीही सुरू करू नये, हे टपालात सांगायची गरज पडू नये, पण पडते.

ऑस्ट्रेलिया पोस्टने हाच रस्ता थोडा आधी धरला. 2020 मध्ये कोविडकाळातली तात्पुरती सवलत म्हणून तिथे महानगरांत दिवसाआड पत्रं सुरू झाली, 2021 मध्ये थांबली. पुढे निवडक ठिकाणी नव्या रचनेची चाचणी झाली आणि एप्रिल 2024 पासून नियमच बदलला. तिथल्या चाचणीतून पुढे आलेला आकडा असा होता, की पोस्टमन 20 टक्क्यांपर्यंत अधिक पार्सलं नेऊ शकतो. म्हणजे वाचलेला वेळ कुठे वापरायचा हे तिथे आधी ठरलं होतं: त्याच माणसाने, त्याच बीटवर, जास्त पार्सलं न्यायची. ब्रिटनच्या प्रस्तावात वाचलेला वेळ बीटं कमी करण्याकडे वळवलेला होता. पहिल्या रचनेत अंदाज चुकला तर पार्सलं थोडी कमी जातात. दुसऱ्या रचनेत अंदाज चुकला तर बीट वाटायला माणूसच नसतो, आणि तो पुन्हा भरती करून, शिकवून, ओळखीचा होईपर्यंत काही महिने जातात.